संथहत्ती ऑनलाइन आहे

५ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचे संकल्प पाच तारखेला लिहितोय. हा उशीर नाही, विचार आहे. एक तारखेला घाईघाईने संकल्प करणारे पाच तारखेपर्यंत तोंडावर आपटलेले असतात. माझा अजून एकही मोडलेला नाही.
तीन मिनिटांच्या बुद्धिबळात मार्चअखेर रेटिंग १८००. आज १६८८ आहे. सहज जमेल.
हरल्यावर चिडून लगेच दुसरा डाव लावायचा नाही.
दुकानात मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा.
जिंकलेले डाव पुन्हा उघडून बघायचे नाहीत. जिंकलोय, आता त्यात काय उकरायचं?

दुपारी: ड्रॉवरमध्ये लेन्सची पेटी आहे, मोबाइल मावत नाही. तूर्त खिशात.

७ जानेवारी
माझ्या शैलीबद्दल कुठेतरी लिहून ठेवायला हवं. माझी शैली म्हणजे वेग. बाकीचे लोक सोळा मोहऱ्यांनी खेळतात, मी सतरा. सतरावा म्हणजे घड्याळ. दोघांना तीन-तीन मिनिटं असतात, ज्याची आधी संपतात तो हरतो, मग त्याच्या राजाभोवती किती का फौज उभी असेना. माझा डाव वाईट झाला की मी भराभर काहीतरी हलवत राहतो. समोरचा विचार करत बसतो आणि विचारातच संपतो.
दुसरं हत्यार प्रीमूव्ह. समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली पुढची चाल लावून ठेवायची. त्याची झाली की आपली आपोआप होते, वेळ जात नाही. लोक याला घाई म्हणतात. मी दूरदृष्टी म्हणतो.
बायकोचं म्हणणं, मी घरातही हेच करतो. आज ती म्हणाली की वहिनींचा फोन आला होता, आणि ती पुढे काही बोलायच्या आत मी म्हणालो की हो, रविवारी नक्की जाऊ. तर तिला सांगायचं होतं की वहिनींच्या चष्म्याची दांडी सैल झालीय. उत्तर चुकलं असं मी मानत नाही. चष्म्याचंही रविवारी बघता आलंच असतं.

९ जानेवारी, दुपारी ४.१०
डोळे तपासायच्या खोलीत लिहितोय. अक्षर वाकडं आलंय कारण टेबल अरुंद आहे.
संथहत्ती ऑनलाइन आहे.
संथहत्ती म्हणजे दादा, बुद्धिबळाच्या अ‍ॅपवरचं त्याचं नाव. दादा जुलैत गेला. मित्रयादीत त्याचं नाव तसंच राहिलंय, कारण यादीतून नाव काढायची सेटिंग फार किचकट आहे. गेले सहा महिने नावापुढे राखाडी ठिपका होता. आज चार वाजता तो हिरवा झाला. दादा चारलाच बसायचा, चहा घेऊन.
सर्व्हरचा घोटाळा आहे. मोबाइल बंद करून चालू केला. हिरवाच.

१० जानेवारी
भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधी लिहून ठेवतो. माझ्या क्षेत्रात माणसाला जे दिसतं ते काचेमुळे दिसतं, दुसरं काही नसतं.
चार वाजता पुन्हा हिरवा. दोन मिनिटांनी त्याच्याकडून आव्हान आलं. तीन मिनिटांचा डाव. मी स्वीकारलं नाही, माझं बोट लागलं.
तिसऱ्याच चालीला त्याने काठाचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. हे कुणीच खेळत नाही. पुस्तकात चूक म्हणून दिलेलं असतं. दादा मात्र जन्मभर तेच खेळला. मध्ये फार गर्दी असते, आपण कडेकडेने जावं, असं म्हणायचा.
हरलो. मोबाइल गरम झाला होता.

११ जानेवारी, रविवार
वहिनींकडे जायचं होतं. सकाळपासून डोकं जड. बायको एकटी गेली.
चार वाजता मोबाइल पालथा घालून ठेवला. ४.०६ ला सुलटा केला. फक्त वेळ बघायला.
हरलो. दोनदा.

१४ जानेवारी
यातून घ्यायचं ते चांगलंच घ्यावं. जो कोणी हे खातं चालवतोय तो मजबूत खेळाडू आहे, आणि मजबूत खेळाडूशी खेळल्याशिवाय सुधारणा होत नाही. म्हणून संथहत्तीला मी प्रशिक्षण म्हणून स्वीकारतोय. रोज चार वाजता, एक डाव. त्याच्या शैलीचं शास्त्रशुद्ध निरीक्षण पुढीलप्रमाणे:
काठाचं प्यादं, वर लिहिलंच आहे.
हत्तीवर जीव. वजीर देईल, हत्तींची अदलाबदल करणार नाही.
मात देणारी चाल समोर असली की थांबतो. पाच सेकंद, दहा सेकंद. दादा म्हणायचा, समोरच्याला जरा पाणी पिऊ द्यावं. त्या थांबण्यात माझ्या मानेवर कुणीतरी मागून वाकून पटाकडे बघतंय असं वाटतं. लहानपणी तो तसाच उभा राहायचा, माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून. आज मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता.
रेटिंग १६५१. सुधारणेच्या आधी ते थोडं खाली जातंच.

१७ जानेवारी
आपल्या दुकानातल्या काचवाल्याला, म्हणजे मागे मशीनवर लेन्स घासतो त्याला, विश्वासात घेतलं. माझ्या एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. त्याने मशीन बंद केलं आणि विचारलं की तुमचा भाऊ कधी गेला. मग सल्ला दिला की चॅटवर असं काहीतरी विचारा जे फक्त भावालाच ठाऊक असेल. मी सांगितलं की दादाने चॅट कायमचं बंद करून ठेवलंय, लोक हरले की शिव्या देतात म्हणून. काचवाला म्हणाला, मग खेळूनच विचारा. मला ते पटलं नाही, पण अंगावर काटा आला. त्याच्या खोलीत पंखा फार जोरात असतो.

१९ जानेवारी
तीन शक्यता.
एक, हॅकर. पण हॅकर रोज चारला एका चष्म्याच्या दुकानदाराच्या नोकराशी कशाला खेळेल?
दोन, कंपनीचा रोबो. लोक सोडून जाऊ नयेत म्हणून गेलेल्या माणसांची खाती मागच्या डावांवरून चालती ठेवत असतील. हे सगळ्यात तर्कशुद्ध.
तीन लिहीत नाही.

२१ जानेवारी
कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: खात्यात काहीही गैर आढळलं नाही. खाली एक बटण होतं. खातेदार हयात नसल्यास येथे दाबा, खाते कायमचे बंद करण्यात येईल.
एवढं सोपं होतं तर.
बटण छोटं आहे, मोबाइलवर नीट दाबलं जात नाही. उद्या दुकानाच्या कॉम्प्युटरवरून दाबेन.

२२ जानेवारी
दुकानाच्या कॉम्प्युटरवर बिलं चालली होती. राहू दे.

२४ जानेवारी
बायकोने वहिनींचा चष्मा आणला. दांडीचा स्क्रू बसवून दिला, काचा पुसल्या. निरोप आहे की वहिनींना कॉम्प्युटरसाठी वेगळा नंबर हवाय, बसून बसून डोळे दुखतात, भाऊजींनी एकदा तपासावेत. कॉम्प्युटरवर वहिनींचं काय काम असतं कोण जाणे. बायका रिकामपणी रेसिपी बघत बसतात. येऊन तपासतो असं कळवलं आहे.
बायकोने विचारलं की तुम्हाला त्या घरात जायची भीती वाटते का. हसलो. जरा मोठ्याने हसलो.

२७ जानेवारी
मालकांनी आत बोलावलं. दहा तारखेला डोळे तपासलेले निवृत्त मास्तर चष्मा घेऊन परत आले होते. जिना उतरताना एकेक पायरी दोनदा दिसते म्हणाले. त्यांची तक्रार अशी की मी डोळ्यापुढे काच धरून ही बरी की ती बरी असं विचारतो आणि ते तोंड उघडायच्या आत दुसरी काच घालून मोकळा होतो. मालक म्हणाले की माणसाला बघायला वेळ लागतो. मी मान्य केलं. मनात इतकंच म्हटलं की वेळ लागतो तो त्यांना, मला नाही.
आणि दहा तारखेला काय झालं होतं ते मालकांना थोडंच सांगणार?

३० जानेवारी
चार वाजले, सव्वाचार, साडेचार. ठिपका राखाडी.
पाच वाजता एका बाईंना तक्त्यावरची तिसरी ओळ वाचायला सांगितली आणि त्या वाचत असताना बाहेर जाऊन मोबाइल बघून आलो. राखाडी. सहाला राखाडी. बाहेर उभ्याउभ्या दोन वडे संपवले. दुपारी डबा नीट खाल्ला नव्हता.
घरी आलो तर बायको सांगत होती की वहिनींचा अख्खा दिवस घर विकायच्या कागदपत्रांत गेला. मी ऐकत नव्हतो. सर्व्हर कुठे बंद पडलेत का ते शोधत होतो.

३१ जानेवारी
४.०० ला हिरवा. देवाशपथ सांगतो, खुर्चीतून उठून उभा राहिलो. गिऱ्हाईकही उभं राहिलं.
हरलो. पण छान हरलो.

४ फेब्रुवारी
घर विकलं गेलं. वहिनी लेकीकडे, म्हणजे माझ्या पुतणीकडे, राहायला चालल्या, लांब, दोन दिवसांचा प्रवास. एक मार्चला, रविवारी संध्याकाळी निघणार. दादाचा कॉम्प्युटर मला द्यायचाय म्हणे. पुतणीकडे जागा नाही. बायको म्हणाली की आता तरी जाऊन या, जुलैनंतर तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही.
मी म्हणालो की रविवारी जाऊ. तिने विचारलं, कोणत्या? हा प्रश्न मला अनपेक्षित होता.

८ फेब्रुवारी, रविवार
हा नव्हे. आज ऑनलाइन स्पर्धा होती. पहिल्या फेरीत बाद. त्यानंतर जाता आलं असतं, पण मन खचलेलं असताना कुणाच्या घरी जाऊ नये.

११ फेब्रुवारी
दादाच्या शेवटच्या दोन वर्षांचा विचार करत होतो, निव्वळ तांत्रिक अंगाने. आधीच्या सगळ्या आयुष्यात मी त्याच्याशी एकही डाव जिंकलो नव्हतो. त्या दोन वर्षांत मात्र धडाधड जिंकलो. सगळे वेळेवर. माझ्या शैलीचा तो सुवर्णकाळ. त्याचं वेळेचं गणित तेव्हा पार बिघडलं होतं. हात थरथरायचे, माउस धरता येत नव्हता. तो तोंडाने चाल सांगायचा आणि वहिनी शेजारी बसून माउस हलवायच्या. पुढे पुढे बोलायलाही वेळ लागायचा. तरी रोज चारला यायचा.
त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. घड्याळ दोघांना सारखंच असतं.
वहिनींना यातलं काही विचारून उपयोग नाही. त्या नुसत्या माउस हलवायच्या. घोडा कसा चालतो हेही त्यांना माहीत नसेल.

१२ फेब्रुवारी
कालचं पान फाडणार होतो. फाडलं नाही, मागच्या बाजूला रेटिंगचा तक्ता आहे.

१६ फेब्रुवारी
रेटिंग १७५२. प्रशिक्षण फळाला येतंय. संथहत्तीशी अजूनही हरतो, पण त्याचा राग मी बाकीच्या जगावर काढतो आणि बाकीचं जग हरतं.
ध्येय बदललं आहे. १८०० हवेतच, पण शेवटचे गुण संथहत्तीकडून घ्यायचे. एकदा त्याला हरवलं की हे सगळं थांबेल. काय थांबेल ते नेमकं सांगता येत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
वहिनींच्या घराकडे निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे, तिथून दादाच्या खिडकीचा कोपरा दिसतो. खिडकी उघडी होती. चार वाजायला आले होते. मला वाटलं, आत्ता जर वर गेलो आणि खुर्चीत कुणीच नसलं तर?
शिंप्याकडे उगाचच पँटची उंची कमी करायची किती दिवसांत होईल ते विचारलं आणि परत आलो. घरी पोचेपर्यंत ४.२५. संथहत्ती वाट बघत होता.
बायकोला सांगितलं, रस्ता खणलाय.

२८ फेब्रुवारी
१७९४. एक विजय पुरे. उद्या तीनला वहिनींकडे पोचायचं, सामान उतरवायला हात लावायचा, कॉम्प्युटर घ्यायचा, पाचला त्यांना स्टेशनवर सोडायचं. सगळं ठरलंय. बायको सकाळपासूनच तिकडे राहणार आहे.

१ मार्च, रविवार, दुपारी ३.२०
शर्टाला इस्त्री करतोय.

३.५०
निघतोच आहे. फक्त चार वाजता ठिपक्याचा हिरवा दिवा लागतो का ते बघून. सामानाच्या गडबडीत कॉम्प्युटर सोडवतील तेव्हा लागेल की नाही? हा शास्त्रीय प्रयोग आहे. नाही लागला तर निदान एक शक्यता बाद होईल.

४.२५
जिंकलो!
सविस्तर लिहितो. चारला दिवा लागला. काठाचं प्यादं. बाराव्या चालीला माझा उंट गेला, विसाव्याला माझ्या राजाला पळायला जागा उरली नाही. त्याच्याकडे एका चालीत मात होती. लहान पोराला दिसेल अशी. त्याचं जवळजवळ एक मिनिट शिल्लक होतं. आणि तो थांबला. नेहमीसारखा. दहा सेकंद, वीस सेकंद. मी स्क्रीनला म्हणालो की खेळ ना. चाळीस सेकंद. खेळ की रे. मोठ्याने म्हणालो, घरात कुणी नव्हतं. मिनिट संपलं.
वेळेवर विजय. १८०२. मार्चअखेर म्हटलं होतं, मार्चच्या पहिल्याच तारखेला करून दाखवलं.
दिवा राखाडी झाला.
आता निघतो. टॅक्सीने गेलो तर स्टेशनवर गाठेन.

रात्री ८.००
नाही गाठलं.
बायको नऊपर्यंत बोलणार नाही असं दिसत होतं, पण बोलली. सगळं सामान खाली गेलं होतं. वर फक्त टेबल, एक खुर्ची आणि कॉम्प्युटर. वहिनी चारला खुर्चीत बसल्या. पाचचं ठरलेलं, पण टॅक्सीवाला लवकर आला आणि खालून हॉर्न वाजवायला लागला. बायको त्यांना म्हणाली की चला. वहिनी म्हणाल्या, भाऊजी हरतायत, आज जाता जाता त्यांना हरवून जायचं नाही. आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसून राहिल्या, वेळ संपेपर्यंत. मग उठल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.
बायकोला हे खेळाचं आजच कळलं. तिला वाटायचं, वहिनी कॉम्प्युटरवर जुने फोटो बघतात. तिने त्यांना विचारलं की हे कधीपासून. त्या म्हणाल्या, ह्यांना दुपारी झोप लागली की चारचा डाव मीच खेळायचे, भाऊजी ताटकळत राहतील म्हणून. नंतर सहा महिने हात लावला नाही. जानेवारीत घर खायला उठलं. भाऊजी दारातून येत नाहीत, तिथून तरी येतात.

२ मार्च
दुकानात गेलो. मोबाइल ड्रॉवरमध्ये मावला.

३ मार्च
विश्लेषण: शेवटच्या दोन वर्षांतले काही डाव दादा खेळला, काही वहिनी. कोणते कुणाचे ते ओळखायचा प्रयत्न केला. जिंकलेले डाव उघडले. मला ओळखता आले नाहीत. वेळ संपली नसती तर पटावर सगळ्यांत मी हरत होतो.

५ मार्च
कॉम्प्युटर आणला. कोपऱ्यातल्या घड्याळाची तारीख चुकीची आहे. चार वाजता त्याच्यासमोर बसलो. काही झालं नाही. म्हणजे व्हायचं काय होतं?

६ मार्च
वहिनींना फोन केला. प्रवास कसा झाला, पुतणी कशी आहे, हवा कशी आहे, एका दमात तिन्ही विचारलं. त्यांनी एकेकाचं सावकाश उत्तर दिलं. मग मी म्हणालो की मोबाइलवर खेळता येतं, तीन मिनिटांचा एखादा. त्या म्हणाल्या की नको, ते मी तुमच्यासाठी खेळत होते, त्यात माझा जीव घाबरतो. अर्ध्या तासाचा खेळणार असाल तर सांगा.
त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

८ मार्च, रविवार
चार वाजता. अर्ध्या तासाचा डाव. फोन स्पीकरवर, शेजारी. वहिनींनी सांगितलं की बोलायलाच हवं असं काही नाही.
माझ्या पहिल्या आठ चालींना मिळून अर्धं मिनिट गेलं. मग वहिनी विचार करायला लागल्या.
एवढा वेळ कुणी विचार करतं हे मी विसरलो होतो. करायला काहीच नव्हतं. फोनमधून त्यांच्या घरातला नळ ऐकू येत होता, कुणीतरी दार लावलं, पुतणी काहीतरी विचारून गेली. दोन मिनिटं. पाच मिनिटं. बायको आत आली, माझ्याकडे बघून बाहेर गेली. पटावर काठाचं प्यादं पुढे आलेलं होतं. मला दादाची आठवण आली. म्हणजे अशी आली की तोंडावर हात धरून बसावं लागलं. तो आजारी होता आणि मी त्याला बघायला जायचो नाही, घरून डाव लावायचो, आणि तो रोज हरायला येत होता, कारण तेवढीच भेट. आठ महिन्यांत मी रडलो नव्हतो. आज रडलो. वहिनींना ऐकू गेलं असणार. त्यांनी काही विचारलं नाही, खेळल्याही नाहीत. माझं होईपर्यंत थांबल्या.
मग म्हणाल्या, झालं का? खेळू आता?
मी म्हणालो, हो.
त्यांनी चाल केली. माझी प्रीमूव्ह पहिल्यापासून लावलेलीच होती. माझा वजीर गेला. घड्याळात माझी साडेएकोणतीस मिनिटं शिल्लक होती.